बिंदूला बिंदू : पातळ भिंगांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना

पातळ भिंगाने प्रतिमा कशी तयार होते, हा प्रश्न दहावीतच सुटतो अशी आपल्याकडे समजूत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात भिंगांचा धडा असतो. मुख्य अक्षावर एक बाण उभा करायचा. त्याच्या टोकापासून एक किरण अक्षाला समांतर न्यायचा आणि भिंगापलीकडे तो नाभीतून काढायचा. दुसरा किरण प्रकाशीय केंद्रातून सरळ जाऊ द्यायचा. दोघे जिथे छेदतात तिथे उलटा बाण काढून शेजारी ‘वास्तव, उलटी, लहान’ असे लिहायचे. आकृतीचे गुण मिळतात, सूत्रावरचे एखादे उदाहरण सुटते, बारावीला हेच पुन्हा थोड्या विस्ताराने येते आणि विषय संपतो.

ही आकृती चूक नाही. तिच्यात जेवढे दिसते तेवढेच घडते असे मानणे मात्र चूक आहे. आकृती बिनचूक काढणाऱ्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर पडद्यावरच्या प्रतिमेचे काय होईल? बहुतेक वेळा उत्तर येते, ‘अर्धी प्रतिमा जाईल.’ वरची अर्धी की खालची अर्धी, एवढाच वाद उरतो. अमेरिकेत फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडर्मॉट यांनी १९८७ मध्ये याच विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकून झालेल्या अनेक विद्यार्थ्यांनीही हेच उत्तर दिले होते. भिंग काढून घेतले तरी पडद्यावर काहीतरी प्रतिमा राहील, असेही त्यांच्यातल्या अनेकांना वाटत होते. किरणाकृती त्यांना येत होती. प्रतिमा म्हणजे काय, ते मात्र सुटून गेले होते. तेवढे एक पक्के व्हावे म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

प्रयोग घरी करता येतो आणि वाचण्याआधी तो करून घ्यावा. २० सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग घ्यावे. चष्म्याच्या दुकानात प्लस पाच नंबरची काच मागितली की काम भागते. दुपारी खोलीतले दिवे बंद करून खिडकीपासून ३ मीटरवर उभे राहावे, भिंग खिडकीकडे धरावे आणि त्याच्या मागे पांढरा कागद पुढेमागे सरकवावा. कागद भिंगापासून २१.४ सेंटिमीटरवर आला की खिडकीचे गज एकदम रेखीव होतात. १२० सेंटिमीटर उंचीची खिडकी कागदावर साधारण साडेआठ सेंटिमीटरची होऊन उलटी टांगलेली दिसते. कागद सव्वा सेंटिमीटर भिंगाकडे आणला की गज विरघळल्यासारखे होतात आणि खिडकीबाहेरचे दूरचे झाड स्पष्ट होते, रंगांसकट आणि हलत्या पानांसकट.

आता अर्धे भिंग झाकावे. झाड पूर्णच राहते. फांदी कापली जात नाही, पान गळत नाही. फक्त उजेड निम्म्यावर येतो. खालचा अर्धा भाग झाकला तरी तेच, डावा झाकला तरी तेच. पुठ्ठ्याला एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान भोक पाडून तो भिंगासमोर धरला, तर प्रतिमा बरीच अंधूक होते, पण अजूनही अख्खी असते. शिवाय गज आणि झाड दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागतात. छायाचित्रकार अ‍ॅपर्चर लहान करतात तेव्हा कॅमेऱ्यात नेमके हेच घडते : चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत, उजेड कमी होतो आणि जवळचे-लांबचे एकत्र स्पष्ट होते. कॅमेऱ्याच्या भिंगावर बसलेला धुळीचा कण फोटोत सहसा दिसत नाही, त्याचेही कारण हेच.

यातून एकच निष्कर्ष निघतो, आणि या पुस्तकाचे म्हणणेही तेवढेच आहे. भिंगाचा प्रत्येक भाग अख्खी प्रतिमा तयार करतो. झाडाच्या शेंड्यावरच्या एका पानातून निघालेला प्रकाश भिंगाच्या सगळ्या पृष्ठभागावर पडतो. वर, खाली, मध्ये, कडेला. भिंग तो सगळा प्रकाश पलीकडे पुन्हा एका बिंदूत आणते. दुसऱ्या पानातून निघालेला प्रकाशही त्याच काचेवर पडतो आणि शेजारच्या दुसऱ्या बिंदूत जमतो. वस्तूतल्या एका बिंदूला पलीकडे एकच बिंदू. हे सगळ्या बिंदूंसाठी एकाच वेळी घडले की प्रतिमा तयार झाली. किरणाकृतीतले दोन किरण त्या असंख्य किरणांपैकी कागदावर काढायला सोपे एवढ्याचसाठी निवडलेले असतात. त्यांचा मार्ग आपल्याला आधीच ठाऊक असतो आणि सगळेच एका ठिकाणी जमणार असतील तर ते ठिकाण शोधायला दोन पुरतात. आकृतीतला बाण भिंगापेक्षा उंच असेल, समांतर किरण भिंगाला लागतच नसेल, तरी प्रतिमा होतेच. असा प्रश्न वर्गात आला की गोंधळ उडतो तो दोन किरणांनाच प्रकाश मानल्यामुळे.

भिंग काढून घेतल्यावर काय होते, तेही याच अंगाने पाहता येते. समोरच्या भिंतीवर त्या झाडाचा प्रकाश आधीपासूनच पडलेला असतो. झाडाच्या प्रत्येक पानाचा प्रकाश भिंतीच्या प्रत्येक बिंदूवर पोचतो आणि म्हणूनच भिंतीवर झाड दिसत नाही. एका सुपात दहा धान्ये मिसळावीत तसा सगळ्या बिंदूंचा प्रकाश तिथे मिसळलेला असतो. भिंग नवा प्रकाश आणत नाही. ते मिसळलेला प्रकाश बिंदूबिंदूने वेगळा लावते. कागद मात्र बरोबर अंतरावर हवा. तो जरा पुढे किंवा मागे गेला की एका पानाचा बिंदू पसरून छोटे वर्तुळ होतो, शेजारच्या पानाचे वर्तुळ त्यावर चढते आणि पुन्हा मिसळण सुरू होते. आपण ज्याला ‘आउट ऑफ फोकस’ म्हणतो ते हेच.

ही गोष्ट माणसाच्या सहज ध्यानात आली नाही. अकराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल्-हैथम याने प्रकाश आणि दृष्टी यांवर मोठा ग्रंथ लिहिला. वस्तूच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू सर्व दिशांना प्रकाश पाठवतो, हे त्याने ठामपणे मांडले. पण लगेच अडचण उभी राहिली. प्रत्येक बिंदूचा प्रकाश डोळ्याच्या प्रत्येक भागावर पडत असेल, तर डोळ्यात सगळा गोंधळच व्हायला हवा; मग आपल्याला जग नीट कसे दिसते? त्याने तोडगा काढला तो असा, की डोळ्यावर लंबरूप पडणारा किरण तेवढाच प्रभावी ठरतो, बाकीचे दुबळे पडतात. म्हणजे एका बिंदूचा एकच किरण मोजायचा. युरोपातल्या विद्वानांनीही पुढची काही शतके हीच वाट धरली. या काळात तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे तयार होऊ लागले होते. तीनशे वर्षे लोक चष्मा लावून वाचत होते आणि चष्मा काय करतो याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीच नव्हते.

उत्तर दिले योहानेस केप्लरने. ग्रहांच्या कक्षांसाठी आपण त्याला ओळखतो. लहानपणी झालेल्या देवीच्या आजाराने त्याची नजर अधू झाली होती. १६०० सालच्या जुलैमध्ये त्याने ग्राट्स गावात सूर्यग्रहण पाहिले ते बारीक छिद्रातून पडद्यावर प्रतिमा पाडून. अशा प्रतिमेत चंद्राचा आकार असायला हवा त्यापेक्षा लहान का भरतो, हा खगोलशास्त्रज्ञांना सतावणारा प्रश्न होता. त्यासाठी त्याने केलेला एक प्रयोग या विषयाच्या इतिहासात मला सर्वांत देखणा वाटतो. उंचावर एक पुस्तक ठेवले. ते म्हणजे प्रकाशमान वस्तू. त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये अनेक कोनांचे भोक पाडलेली फळी ठेवली. पुस्तकाच्या एका कोपऱ्यापासून दोरा ताणून तो भोकाच्या कडेकडेने फिरवला आणि दोऱ्याचे दुसरे टोक जमिनीवर जिथे जिथे टेकले तिथे खूण करत गेला. जमिनीवर भोकाच्या आकाराची आकृती उमटली. मग दोरा दुसऱ्या कोपऱ्याला बांधला, तशीच आकृती जरा बाजूला उमटली. असे पुस्तकाच्या कडेचे बिंदू एकेक करून घेतले, तेव्हा भोकाचे आकार एकमेकांवर चढत चढत जमिनीवर पुस्तकाचा आकार तयार झाला. दोरा म्हणजे किरण. एका बिंदूपासून निघणारे सगळे किरण वेगळे धरायचे, मग दुसऱ्या बिंदूकडे जायचे, ही शिस्त या प्रयोगात आहे. पुढचे सगळे प्रकाशशास्त्र याच शिस्तीवर चालले.

१६०४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केप्लरने ही शिस्त डोळ्याला लावली. त्याने इब्न अल्-हैथमचे बाकीचे किरण टाकून दिले नाहीत. एका बिंदूतून निघालेला किरणांचा शंकू डोळ्याच्या बाहुलीवर पसरतो आणि डोळ्यातल्या वक्र पृष्ठभागांमुळे तोच शंकू आत पुन्हा निमुळता होत दृष्टिपटलावरच्या एका बिंदूत मिटतो. तळाला तळ लावलेले दोन शंकू. ज्याला गोंधळ समजले जात होते तेच प्रतिमेचे भांडवल ठरले, कारण जितके जास्त किरण जमतील तितका बिंदू उजळ. दृष्टिपटलावरचे चित्र यामुळे उलटे पडते, हेही त्याने न डगमगता लिहिले. पुढे रने देकार्तने १६३७ मध्ये बैलाच्या डोळ्याचा मागचा भाग सोलून, तिथे पातळ पापुद्रा लावून, समोरचे दृश्य त्यावर प्रत्यक्ष कसे दिसते याचे वर्णन केले.

१६११ मध्ये केप्लरने फक्त भिंगांवर पुस्तक लिहिले. तेव्हा अपवर्तनाचा अचूक नियम त्याच्या हाती नव्हता. विलेब्रॉर्ड स्नेलला तो १६२१ च्या सुमारास सापडला. केप्लरने मोजमापांवरून काम चालवले : साधारण ३० अंशांपर्यंतच्या कोनांसाठी, हवेतून काचेत शिरताना किरण आपल्या आपाती कोनाच्या एक-तृतीयांशाने वळतो. आजच्या भाषेत, काचेचा अपवर्तनांक १.५ धरला आणि कोन लहान ठेवले की हाच आकडा येतो. पातळ भिंगाचा अख्खा सिद्धान्त उभा राहायला एवढे पुरते.

तो सिद्धान्त या पुस्तकात मी एकाच विधानावर उभा केला आहे. पातळ भिंगात केंद्रापासून जितक्या उंचीवर किरण शिरतो, तितका तो वळतो. दुप्पट उंचीवर दुप्पट. भिंगाच्या मध्यावर दोन्ही पृष्ठभाग समांतर असतात, तिथे किरण वळत नाही. कडेकडे जावे तसा दोन पृष्ठभागांतला कोन उंचीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वळणही त्याच प्रमाणात वाढते. नेमके सांगायचे तर वळण म्हणजे उंची भागिले नाभीय अंतर. आपल्या २० सेंटिमीटरच्या भिंगात केंद्रापासून १ सेंटिमीटरवर शिरलेला किरण सुमारे २.९ अंशांनी वळतो, मग तो कोणत्याही लहान कोनात आलेला असो.

आता अक्षावरच्या एका बिंदूतून निघालेला किरण घ्या. भिंगापर्यंत येताना तो वर चढत असतो. चढण म्हणजे उंची भागिले वस्तूचे अंतर. पलीकडे तो उतरत जातो. उतार म्हणजे उंची भागिले प्रतिमेचे अंतर. चढण अधिक उतार म्हणजे एकूण वळण, आणि वळण तर आपल्याला माहीत आहे. समीकरण मांडले की प्रत्येक पदात उंची येते आणि ती सगळीकडून काटली जाते. उरते ते शाळेतले सूत्र : दोन अंतरांच्या व्यस्तांची बेरीज म्हणजे नाभीय अंतराचा व्यस्त. पाठ्यपुस्तकात तिथे वजाबाकी दिसते, कारण कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार भिंगाच्या डावीकडचे वस्तूचे अंतर ऋण धरतात, अर्थ तोच. एडमंड हॅले, ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो, त्याने १६९३ मध्ये सर्व प्रकारच्या भिंगांना लागू पडणारे सूत्र प्रसिद्ध केले.

उंची काटली जाते ही बीजगणितातली किरकोळ पायरी म्हणून पुढे जाऊ नये. सगळा विषय त्या पायरीत आहे. किरण भिंगाच्या कोणत्या भागातून गेला याची नोंद उत्तरात उरत नाही, म्हणूनच सगळे किरण एकाच बिंदूत येतात, आणि म्हणूनच अर्धे भिंग झाकले तरी झाड अख्खे राहते. उंची काटली गेली नसती तर प्रतिमा नावाची गोष्टच नसती.

याच गोष्टीकडे पाहण्याची दुसरी वाट वेळेची आहे. २० सेंटिमीटरच्या भिंगासमोर ४० सेंटिमीटरवर एक ठिणगी ठेवली, तर प्रतिमा पलीकडे ४० सेंटिमीटरवर येते. मधून जाणारा किरण सरळ ८० सेंटिमीटर जातो. केंद्रापासून २ सेंटिमीटरवरून जाणाऱ्या किरणाला वळसा पडतो, जवळजवळ १ मिलिमीटर जास्त चालावे लागते. मग तो मागे का पडत नाही? कारण मधल्या किरणाला जाड काच ओलांडावी लागते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, हवेत ३ लाख. म्हणजे २ मिलिमीटर काचेला हवेतल्या ३ मिलिमीटरइतका वेळ लागतो. या भिंगाची मध्यावरची जाडी त्या उंचीवरच्या जाडीपेक्षा साधारण २ मिलिमीटरच जास्त असते. मधल्याला काचेत जो उशीर होतो, तेवढाच वळसा कडेच्याला पडतो. ठिणगीपासून निघालेले सगळे किरण एकाच वेळेत प्रतिमेला पोचतात. भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ का, याचे याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

आभासी प्रतिमेपाशी विद्यार्थी दुसऱ्यांदा अडखळतो. पडद्यावर घेता येत नाही तिला प्रतिमा का म्हणायचे? चाळिशीच्या चष्म्याने हे सोपे होते. समजा, एखाद्याला ५० सेंटिमीटरच्या आत स्पष्ट दिसत नाही, म्हणून पेपर हात लांब करून धरावा लागतो. त्याला प्लस दोन नंबरचा चष्मा दिला, म्हणजे ५० सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग. आता त्याने पेपर २५ सेंटिमीटरवर धरला. एका अक्षरातून फाकत निघालेले किरण भिंगातून गेल्यावरही फाकलेलेच राहतात, पण कमी. ते ५० सेंटिमीटरवरच्या एका बिंदूतून आल्यासारखे डोळ्यात शिरतात. तिथून आलेला प्रकाश तर त्याच्या डोळ्याला दृष्टिपटलावर जमवता येतो. इथेही बिंदूला बिंदूच आहे. फक्त पलीकडचा बिंदू किरण मागे वाढवून मिळतो. लांबचे नीट न दिसणाऱ्याचा मायनस नंबर याच रीतीने लांबच्या वस्तूची आभासी प्रतिमा डोळ्याच्या आवाक्यात, जवळ आणून ठेवतो.

डोळ्यावरच्या प्रकरणात मोतीबिंदूचाही विचार केला आहे. नेत्रभिंगात धूसर ठिपके तयार झाले म्हणून समोरच्या दृश्यात त्या आकाराची भोके पडत नाहीत. ठिपक्यांवरून विखुरलेला प्रकाश सगळ्या चित्रावर पसरतो आणि सगळेच धुक्यातून पाहिल्यासारखे होते. हेरल्ड रिड्ली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये काढलेल्या नेत्रभिंगाच्या जागी पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवले. आज ही शस्त्रक्रिया खेडोपाडी होते, आणि रुग्णाला किती शक्तीचे भिंग बसवायचे हे ठरवणाऱ्या हिशेबाच्या मुळाशी अंतरांच्या व्यस्तांचे हेच गणित आहे.

मर्यादाही इथेच सांगायला हव्यात. हे सगळे खरे आहे ते भिंग पातळ आणि कोन लहान असतील तोवर. पातळ म्हणजे भिंगाची जाडी ही वस्तूच्या, प्रतिमेच्या आणि नाभीच्या अंतरांपुढे नगण्य. कोन १० अंशांचा असताना कोन आणि त्याची ज्या (साइन) यांत अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. ३० अंशांना तो पाच टक्क्यांच्या जवळ जातो. तेव्हा उंची पुरती काटली जात नाही, कडेचे किरण जरा अलीकडे जमतात आणि बिंदूचा ठिपका होतो. शिवाय निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळतो, त्यामुळे कडांना रंगाची झालर येते. केप्लरने पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग केले तेव्हा त्यालाही दिसले होते, की पुढची वाट अरुंद केली की प्रतिमा स्वच्छ होते. पुठ्ठ्याच्या भोकाने आपणही तेच केले.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. पहिले प्रकरण छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेचे, दुसरे एका वक्र पृष्ठभागावरच्या अपवर्तनाचे, तिसरे पातळ भिंगाच्या सूत्राचे. चौथ्यात अंतर्गोल भिंग आणि आभासी प्रतिमा, पाचव्यात डोळा आणि चष्मा, सहाव्यात दुर्बीण व सूक्ष्मदर्शक, आणि सातव्यात भिंगांचे दोष. दहावीपर्यंतचे बीजगणित आणि भूमिती एवढीच तयारी गृहीत धरली आहे. तिसरे प्रकरण घाईने वाचू नये; तिथली प्रत्येक आकृती स्वतः काढावी, आणि ती काढताना बाणाच्या टोकापासून दोनऐवजी सहा-सात किरण काढावेत, भिंगाच्या कडांपर्यंत जाणारे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. किरणाकृती शिकवण्याआधी वर्गातल्या खिडकीची प्रतिमा भिंतीवर पाडावी. भिंग झाकण्याआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला सांगावा आणि मगच झाकावे. पडद्याशिवाय प्रतिमा पाहण्याचाही प्रयोग करावा : कागद काढून घ्यावा, प्रतिमेच्या जागेपासून हातभर मागे सरकून भिंगाकडे पाहावे. उलटे झाड हवेत उभे असलेले दिसते, कारण किरण त्या बिंदूंतून जाऊन पुढे फाकतच असतात. एवढे तीन प्रयोग एका तासिकेत होतात आणि त्यानंतर आकृतीतल्या दोन रेघांना अर्थ येतो.

आज खिशातल्या फोनच्या कॅमेऱ्यात एकामागे एक अनेक छोटी भिंगे बसवलेली असतात. त्यांचे आकार संगणकाच्या मदतीने ठरवतात आणि त्यांचा हिशेब या पुस्तकाच्या फार पुढचा आहे. तरी तो करणारा तंत्रज्ञ प्रश्न हेच दोन विचारतो : या बिंदूतून निघालेले किरण कुठे एकत्र येतात आणि किती नेटके एकत्र येतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला या पुस्तकात स्वतः काढता यावे आणि दुसऱ्या प्रश्नाची गोडी लागावी, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.